शंभर दिवसांचा दात

खुंटीचं काहीतरी बिनसलंय हे शमीमला डोळ्यांनी नाही, कानांनी कळलं. रोज सकाळी ती कोपऱ्यातल्या टोपलीत वाळलेल्या गवताची जुडी टाकायची आणि कामाला बसायची. मग पाठीमागून खुंटीचं कुरतडणं सुरू व्हायचं, एकसारखं, चढ्या लयीतलं. त्या गुरुवारी ते सुरू झालं, पाच-सात मात्रा चाललं आणि थांबलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. शमीमने हातातली कानस खाली ठेवली. शेजारच्या खोलीत टांगलेल्या सतारीची कुठली तार उतरलीय हे बसल्या जागेवरून सांगणारी बाई ती. तिला एवढं पुरेसं होतं.

खुंटी म्हणजे तिच्याकडची सशीण. रंगाने राखाडी, स्वभावाने मानी आणि कान सतारीच्या खुंट्यांसारखे ताठ, म्हणून ते नाव. शमीमने तिला मांडीवर घेऊन गालावरून बोट फिरवलं. उजव्या जबड्याखाली चिंचोक्याएवढी गाठ हाताला लागली. खुंटीने तोंड फिरवलं. गेले तीन आठवडे ती अशीच तोंड फिरवत होती आणि शमीम त्याला नखरे समजत होती. आता तिला स्वतःच्याच मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं.

शमीम मिरजेची, सतारमेकरांच्या गल्लीतली. वय छप्पन्न, लग्न केलेलं नाही, आणि का नाही केलं हे विचारणारी माणसंही आता उरलेली नाहीत. तिचं काम जवारी काढण्याचं. सतारीच्या भोपळ्यावर हाडाची एक छोटी घोडी बसवतात, तिच्यावरून तारा जातात. त्या घोडीचा माथा कानशीने घासून असा अलगद उतार द्यायचा, की तार छेडल्यावर नुसतं टण्ण न होता आवाज उमलावा, घरभर गुंजत राहावा. हीच जवारी. केसभर जास्त घासलं की घोडी वाया. मुलगा नाही म्हणून अब्बांनी हे काम शमीमला शिकवलं, आणि पुढे तिचा हात बघून, मुलगा असता तरी हिलाच शिकवलं असतं, असं म्हणायला लागले.

पण ते दिवस गेले. आता घोडीचा माथा यंत्र मोजतं, यंत्रच कापतं, आणि हाडाच्या जागी कसल्याशा कृत्रिम मालाची घोडी तीन मिनिटांत तयार होते. ती वाईट नसते, हे शमीमही कबूल करी. फक्त सगळ्या सतारी एकाच घरात वाढल्यासारख्या बोलतात, एवढंच तिचं म्हणणं. गल्लीतली दुकानं एकेक करून मिटली. तिच्याकडे महिन्याकाठी एखादं जुनं वाद्य यायचं, तेही ड्रोन गच्चीवर आणून ठेवायचा आणि काम झालं की गच्चीवरूनच उचलून न्यायचा. किराणाही तसाच यायचा. दाराची कडी कधी वाजायचीच नाही.

हे निलूला मात्र माहीत नव्हतं. निलू म्हणजे निलोफर, शमीमच्या धाकट्या बहिणीची मुलगी. शिकायला म्हणून खालाकडे आली आणि सहा वर्षं राहिली. शेवटच्या वर्षी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून तिने एक ससा सोडवून आणला. जन्मतःच त्याचा जबडा किंचित वाकडा, वरचे दात खालच्या दातांवर बसत नव्हते, म्हणून कुणी घेत नव्हतं. तीच खुंटी. मग निलूला पुण्यात नोकरी लागली, आणि बॅग भरून झाली तरी तिचा पाय निघेना.

"खाला, तू एकटी राहशील," ती म्हणाली.

"एकटी कसली? सोमवारपासून तीन पोरी येणारेत शिकायला," शमीम म्हणाली. कुठून आलं तोंडात कुणास ठाऊक. पण निलूचा चेहरा असा काही सुटला, की मग ते वाक्य मागे घेणं शमीमच्या जिवावर आलं.

दोघी घरात दख्खनीत बोलत. इथे ते मराठीत आणताना त्यातली थोडी गोडी सांडली असेल, तेवढं समजून घ्यावं.

त्या तीन पोरी दोन वर्षांत चांगल्या वाढल्या. एक तासगावची ऋतुजा, डावखुरी, कानस उलटी धरणारी. एक जपानहून आलेली युको, तिला चहा गोड लागतो. तिसरी अबोल. दर रविवारी अकराला निलूचा फोन यायचा आणि शमीम त्या पोरींच्या गोष्टी सांगायची. गेल्या वर्षी तर तिने बोलण्याच्या भरात ऋतुजाचं लग्न लावून दिलं, आणि चार दिवसांनी निलूकडून ऋतुजासाठी मोरपंखी साडी येऊन गच्चीवर पडली. ती साडी कपाटात वरच्या फळीवर होती. आणि निलू कधी म्हणाली, की येऊ का गं दोन दिवस, तर शमीम घाईने म्हणे, "कशाला ओढाताण करतेस? घरात पाय ठेवायला जागा नाही." निलू आली आणि घर रिकामं दिसलं, तर पोरगी नोकरी सोडून इथेच बसेल, ही तिची भीती. निलूची लाल गादी प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर पडून होती.

गुरुवारी दुपारी शमीम खुंटीला टोपलीत घालून डॉ. चौगुल्यांच्या दवाखान्यात गेली. चौगुले जनावरांचे डॉक्टर, बोलायला मोकळा माणूस. त्यांनी खुंटीचा जबडा पडद्यावर पाहिला आणि चित्र मोठं करून पुन्हा पाहिलं.

"आपा, गाठ दाढेच्या मुळाशी आहे. वरनं दिसतीय चिंचोक्याएवढी, पण आत हाड पोखरलंय. ऑपरेशन करायला लागणार."

"आणि नाही केलं तर?"

"दहा-बारा दिवस. ससा खायचा थांबला की त्याचं आतडं थांबतं. आतडं थांबलं की संपलं बघा."

ऑपरेशनचा आकडा इथे सांगण्यात अर्थ नाही. शमीमच्या भिंतीवरच्या सगळ्या सतारी विकल्या असत्या तरी तो अर्धा भरला नसता. निलूकडे पैसे मागितले असते तर तिने कर्ज काढून दिले असते; पण घर भरलेलं आहे, हात चालता आहे असं दोन वर्षं सांगत आलेली बाई मागणार कुठल्या तोंडाने? राहिला विमा. खुंटी कागदोपत्री अजून निलूचीच होती, आणि एक जूनपासून निलूने तिचा विमा उतरवला होता, तोही पूर्वव्याधीचा.

हा पूर्वव्याधीचा विमा काय, ते सांगायला हवं. पूर्वी पाळीव जनावराला आधीपासून दुखणं असलं की विमा कंपन्या दारातच नाही म्हणत. त्यांचंही चूक नव्हतं. जनावर काही बोलत नाही, आणि ससा तर दुखणं लपवण्यात पक्का. रानात जो ससा कण्हतो तो आधी मरतो, म्हणून त्याची जात मुळात कण्हतच नाही. मग आजार कालचा की गेल्या वर्षीचा, हे ठरवणार कोण?

ते दाताने ठरवलं. सशाचे पुढचे दात जन्मभर वाढतात, आठवड्याला साधारण दोन-अडीच मिलिमीटर. मुळाशी रोज एक नवा थर बसतो, केसाहून बारीक, आणि जुने थर वर सरकत जातात. झाडाच्या खोडात वर्षाचं एक कडं असतं, तशी सशाच्या दातात दिवसाची एक रेघ. त्या दिवशी जनावराच्या रक्तात जे होतं, ताप, दुखणं, भीती, पोटभर खाल्ल्याचं सुख, ते त्या रेघेत कायमचं बसतं. मुळाशी आज असतो आणि टोकाला शंभर दिवसांपूर्वीचा दिवस. निरोगी ससा कुरतडून-कुरतडून आपलं टोक झिजवतो, म्हणजे रोज एक जुना दिवस खाऊन टाकतो म्हणा. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेने पेनाएवढं एक यंत्र बनवलं. ते प्रकाशाच्या बारीक किरणाने या रेघा एकेक करून वाचतं. नवं दुखणं कुठल्या तारखेला सुरू झालं ते कळायला लागलं, आणि मग कंपन्यांचा जीव भांड्यात पडला. जुनं दुखणं आधी सांगा, त्याची नीट काळजी घ्या, आणि विमा सुरू झाल्यानंतर जे नवं उद्भवेल त्याचा खर्च आमचा, असा करार निघाला. निलूने खुंटीचा वाकडा जबडा प्रामाणिकपणे लिहून दिला होता.

"सोमवारी वाचन करू," चौगुले म्हणाले. "गाठ एक जूनच्या पुढची निघाली की झालं काम. तोवर दुखणं कमी व्हायचं औषध देतो."

रविवारी अकराला निलूचा फोन आला.

"काय करतायत तुझ्या पोरी?"

"ऋतुजा आलीय माहेरपणाला. युको आत चहा करतेय," शमीम म्हणाली. मागे खुंटी टोपलीत निपचित बसली होती. तिच्या गाठीविषयी शमीमने फक्त एवढंच सांगितलं, की थोडी सूज आहे, डॉक्टर विम्याचं बघतायत.

"गर्दी आहे म्हणजे," निलू म्हणाली. तिचा आवाज जरा उतरलेला होता. शमीमला वाटलं, पोरगी दमली असेल.

फोन ठेवल्यावर शमीमने खुंटीला टॉवेलात गुंडाळलं आणि तिचे दात घासायला घेतले. हे काम तिला नवं नव्हतं. वाकड्या जबड्यामुळे खुंटीचे दात आपोआप झिजत नसत, म्हणून निलू गेल्यापासून दर शुक्रवारी शमीम ते जवारीच्या कानशीने घासायची. तिच्याइतका हलका हात कुठल्या डॉक्टरचा नसेल. खुंटी तिच्या मांडीवर चक्क पेंगायची. गेल्या तीन शुक्रवारी दुखण्यामुळे तिने तोंडाला हात लावू दिला नव्हता आणि दात वेडेवाकडे लांबले होते. आता औषधाने ती शांत होती. आणि उद्या तिला चारचौघांत न्यायचं होतं. बिनजवारीचं वाद्य उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, ही अब्बांची शिस्त. शमीमने तीन आठवड्यांचं काम एका बैठकीत केलं, दात आरशासारखे करून ठेवले आणि तिला फार दिवसांनी बरं वाटलं.

सोमवारी वाचन झालं आणि बुधवारी कंपनीचं उत्तर आलं, ते चौगुल्यांनी शमीमसमोर दोनदा वाचलं.

"आपा, तुम्ही दात घासलासा?"

"मग? तसाच आणू होय?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी तिला पडद्यावर दाखवलं. दात आठ जूनपासून बोलत होता, आणि आठ जूनच्या रेघेतच दाह होता. विमा सुरू झाला एक जूनला. दाह एक जूनच्या आधीचा की नंतरचा, हे ज्या टोकावर लिहिलेलं होतं, ते टोक वाचनाच्या आदल्या दिवशी कुणीतरी सफाईने घासून टाकलं होतं. कंपनीने दावा फेटाळला होता, आणि खाली पुरावा मुद्दाम नष्ट केल्याचा संशय नोंदवला होता.

"त्यांना वाटतंय, तुम्ही लबाडी केलीसा," चौगुले म्हणाले. "मला ठाऊक आहे ओ, तुमच्या मनात तसलं काही नव्हतं. पण टोक गेलं. आता ते कुठनं आणायचं?"

शमीमने पडद्यावर दात संपला होता तिथे बोट ठेवलं. मग म्हणाली, "टोक कुठं गेलंय? घरी आहे."

जवारी काढणारा माणूस घासलेला भुगा फेकत नाही, निदान अब्बा फेकत नसत. दहा वर्षांनी तेच वाद्य परत आलं तर मागच्या वेळी किती घासलं, हाड कसलं होतं, हे बघायला भुगा हवा. म्हणून प्रत्येक वाद्याचा एक खण, आणि प्रत्येक बैठकीची एक पुडी, भिंतीवरच्या तारखेच्या पानात बांधलेली, म्हणजे तारीख वेगळी लिहायला नको. शमीमच्या हाताला तीच सवय. दुसऱ्या दिवशी तिने खुंटीचा खणच उचलून दवाखान्यात आणला. दोन वर्षांतल्या शंभरएक पुड्या, आणि सगळ्यांत वर रविवारची, इतरांपेक्षा जाड.

चौगुले उडालेच. त्यांनी तिथल्या तिथे कंपनीच्या प्रयोगशाळेला विचारलं. तासाभरात उत्तर आलं. भुगा वाचता येतो, कारण रेघ मोडली तरी कणाच्या पोटातला दिवस मोडत नाही. नवं यंत्र असे कण निवडून पुन्हा क्रमाने लावतं. पण एकच पुडी चालणार नाही. ती याच जनावराची आहे आणि मागाहून बनवलेली नाही, हे सिद्ध करायला सगळ्या पुड्या लागतील, एकही न गाळता. आणि नियमाप्रमाणे पूर्ण अहवाल विमाधारकाला जाईल.

"विमाधारक म्हणजे निलू," शमीम म्हणाली. "पूर्ण म्हणजे काय काय?"

चौगुल्यांनी दुसऱ्या कुठल्याशा सशाचा जुना अहवाल उघडून दाखवला. खाणं, ताप, दुखणं, झोप. आणि खाली एक तक्ता: सहवास. घरात परका माणूस आला की ससा धसकतो, त्या दिवशीच्या रेघेला एक काळी कड येते. ओळखीचं माणूस जवळ असलं की रेघ रुंद बसते. त्यावरून यंत्र सांगू शकतं, कुठल्या दिवशी घरात किती माणसं होती. जनावर एकटं पडत नाही ना, हे कंपनीला त्यातून बघायचं असतं.

शमीमने खण उचलून छातीशी धरला. "उद्या सांगते," ती म्हणाली.

घरी येऊन तिने खण समोर ठेवला आणि दुपारभर त्याच्यासमोर बसून राहिली. दोन वर्षं, शंभर पुड्या, आणि एकीतही काळी कड नसणार हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? ऋतुजा नाही, युको नाही, तिसरी अबोल तर नाहीच. शून्य लिहून येईल. निलू ते वाचेल. मग एक तर ती धावत येईल, नोकरीवर पाणी सोडेल. नाही तर तिला वाटेल की खाला दोन वर्षं आपल्याला फसवत आली. शमीमच्या मनात असंही आलं, की चार बायकांना चहाला बोलवावं, घरात वर्दळ करावी. मग तिला स्वतःचंच हसू आलं. आजची वर्दळ मुळाशी बसणार. वर यायला तिला शंभर दिवस लागतील, आणि खुंटीकडे तर चार-पाचच होते. आणि बोलवायचं तरी कुणाला?

ती हसता हसता थांबली, कारण खुंटीचे कान खाली आले होते. इतक्या वर्षांत ते कधी उतरलेले तिने पाहिले नव्हते. दोन्ही कान पाठीवर पडले होते आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. टोपलीतलं गवत सकाळी होतं तसंच होतं.

शमीमला रडू आलं. ती मोठ्याने रडली, कारण घरात ऐकणारं कुणी नव्हतं, आणि ते ध्यानात आल्यावर आणखी रडली. मग तोंड धुऊन, शुक्रवारची वाट न बघता, ती त्याच पावली दवाखान्यात गेली आणि खण टेबलावर ठेवला.

"सगळ्या आहेत," ती म्हणाली. "मोजून घ्या."

सोमवारी निकाल आला. दाह सुरू झाला पाच जूनला, विमा सुरू झाल्यानंतर चौथ्या दिवशी. दावा मंजूर. शिवाय कंपनीच्या कुणा वाचकाने खाली टिपण जोडलं होतं, की इतक्या नियमितपणे आणि इतक्या बारीक हाताने घासलेले दात आमच्या पाहण्यात नाहीत. मंगळवारी चौगुल्यांनी ऑपरेशन केलं. बुधवारी संध्याकाळी खुंटीने कोथिंबिरीची एक काडी खाल्ली, आणि शमीमने आयुष्यात ऐकलेल्या सगळ्या वाद्यांपेक्षा तो आवाज तिला गोड लागला.

निलूचा फोन मात्र आला नाही. रविवारी अकरा वाजले, बारा वाजले. शमीम फोन मांडीवर घेऊन बसली. तिने स्वतःहून फोन केला नाही. काय सांगणार होती? युकोने चहा केला म्हणून? त्या आठवड्यात तिने एका तंबोऱ्याची घोडी घासायला घेतली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा केसभर जास्त घासली. घोडी वाया गेली.

पुढच्या रविवारी, चार ऑक्टोबरला, अकरा वाजता फोन वाजला नाही. दाराची कडी वाजली.

दारात निलू उभी होती, खांद्याला एकच पिशवी. दोघी काही बोलायच्या आत आतून धप्प असा आवाज आला. खुंटीने मागचा पाय जमिनीवर आपटला होता. सशाची ती धोक्याची खूण. कान ताठ, डोळे निलूवर. पुन्हा धप्प.

"मला ओळखलं नाही हिने," निलू म्हणाली.

"दोन वर्षं झाली ना," शमीम म्हणाली.

निलू आत आली. तिने सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या, जणू खरंच कुणी लपलं असेल. मग कपाट उघडलं आणि वरच्या फळीवरची मोरपंखी साडी घडी न मोडलेली बघून ती हसायला लागली. शमीमलाही हसू फुटलं. दोघी हसत राहिल्या, आणि हसता हसता निलूचा चेहरा कधी बदलला ते शमीमला कळलं नाही.

"किती चांगली साडी होती गं. ऋतुजाला शोभली असती," निलू म्हणाली आणि खाली बसली. "खाला, मी आधी चिडले. आठ दिवस चिडूनच होते. मग तो तक्ता परत वाचला. पहिल्या पुड्यांमध्ये मी आहे. रुंद रुंद रेघा. मग एका दिवसापासून मी नाही, आणि हिच्या रेघा तीन आठवडे अगदी बारीक झाल्यात. मग परत हळूहळू बऱ्या. तू एकटीने केल्यास बऱ्या."

"जनावर आहे. होतं बरं."

"आणि तुझं?"

"माणसाचे दात वाढत नाहीत ते बरं आहे," शमीम म्हणाली.

निलूने डोळे पुसले. "तुला माहितीय, मला काय वाटायचं? दर वेळी येते म्हटलं की तू म्हणायचीस, पाय ठेवायला जागा नाही. मी फोन ठेवून रडायचे. मला वाटायचं, माझी गादीसुद्धा त्या युकोला दिलीस. माझी जागा भरली म्हणून मी येत नव्हते, खाला. नाही तर दर महिन्याला आले असते."

शमीमची नजर वाया गेलेल्या तंबोऱ्याच्या घोडीवर गेली. तिच्या हाताने आयुष्यात एकच घोडी वाया गेली असं ती समजत होती. आता तिला कळलं, की त्याआधी दोन वर्षं ती रोज केसभर जास्त घासत आली होती.

"माझं चुकलं, निलू," ती म्हणाली.

माळ्यावरची गादी तशीच ठेवून निलू एक रात्र खालाच्या अंथरुणात झोपली आणि सकाळच्या गाडीने गेली. तिची सुट्टी तेवढीच होती. जाताना खुंटीने तिच्या बोटांचा वास घेतला, पण डोकं पुढे केलं नाही.

रविवारचे फोन पुन्हा सुरू झाले. आता शमीम खरं सांगायची, आणि खरं फार थोडं असायचं. कुणी आलं नाही. एक सतार आली, भोपळ्याला चीर होती. खुंटीचं वजन वाढलं. निलू येते येते म्हणायची, कामं निघायची. शमीमही आग्रह करायची नाही. मागून घेणं तिला कधी जमलंच नव्हतं. दर शुक्रवारी ती खुंटीचे दात घासायची, पुडी बांधायची, खणात टाकायची.

जानेवारीत एका मंगळवारी भिंतीवरचं तारखेचं पान फाडताना तिने सहज बोटांवर दिवस मोजले. मग पुन्हा मोजले. चार ऑक्टोबरला मुळाशी बसलेली रेघ तीन महिने सरकत सरकत आता खुंटीच्या दाताच्या टोकाशी आली होती. येत्या शुक्रवारी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, ती कानशीखाली येणार होती. दोन वर्षांतली एकुलती एक काळी कड.

शमीमने फोन उचलला. मंगळवारी, भर दुपारी, आपण होऊन तिने निलूला फोन कधी केला नव्हता. निलू घाबरूनच बोलली, "खाला? काय झालं? खुंटी बरी आहे ना?"

"बरी आहे. तू आलेला दिवस शुक्रवारी घासायचाय. दातावर आलाय." शमीमने खुंटीला जवळ ओढलं. "मी एकटीने घासणार नाही. ये तू."

पलीकडे कुणाचंतरी बोलणं चालू होतं, खुर्च्या सरकत होत्या. मग दार लागल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं.

"कोण कोण आहे गं घरात?" निलूने विचारलं. हा तिचा जुना, रविवारचा प्रश्न.

"मी आहे. खुंटी आहे," शमीम म्हणाली. "जागा भरपूर आहे."

निलू हसली. मग म्हणाली, "गादीला ऊन दाखव. दोन वर्षं बांधून पडलीय, वास येत असेल."

शमीमने स्टूल लावून माळ्यावरची लाल गादी ओढून काढली, प्लास्टिक फाडलं आणि गच्चीवर नेऊन पसरली. मग खुंटीला वर आणून तिच्यावर सोडलं. खुंटी गादीचे चारही कोपरे हुंगत फिरली, एका कोपऱ्याशी बराच वेळ थांबली आणि तिथेच अंग सोडून बसली.